दारवानीण

यातला एकही शब्द पदरचा नाही. आमच्या मामानं हे आईला सांगितलं, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नव्हता. तो मुळात बोलायचाच मोजकं.

मामा बंदरातल्या एका बुटक्या, जाड बोटीवर विंचवाला होता, म्हणजे जाड दोर ओढून ड्रमवर गुंडाळणारं वाफेचं यंत्र चालवायचा. लढाईच्या काळात बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली पोलादी जाळं लावलेलं असायचं, शत्रूची पाणबुडी आत शिरू नये म्हणून. त्या जाळ्याला एक दार होतं. आपली बोट आली की मामा विंच फिरवून ते ओढायचा, बोट आत घ्यायचा आणि दार परत लावायचा. चार वर्षं हेच काम. खलाशी त्या बोटीला 'दारवानीण' म्हणायचे. वेग नाही, रूप नाही, पण बाईला विचारल्याशिवाय कुणी आत यायचं नाही.

एकदा मात्र विचारूनही तिनं घेतलं नाही.

धुक्याची संध्याकाळ होती. बाहेरून गस्तीच्या बोटीचा भोंगा आला. तीन छोटे. म्हणजे, दार उघडा.

मामाचा हात दांड्यावर गेला, तोच कप्तानाचा हुकूम आला. उघडायचं नाही. मागे पाणबुडी आहे, ती पाठोपाठ आत शिरेल. बंदरात चाळीस जहाजं उभी होती. कप्तानाचंही चुकलं नव्हतं.

भोंगा वाजत राहिला...

मग थांबला.

त्या बोटीवर नऊ जण होते. एकही सापडला नाही.

लढाई संपली. जाळं निघालं, भंगारात गेलं. दारवानीण बुडालेल्या होड्या उचलायच्या कामाला लागली. कप्तान बदलत गेले, मामा तोच राहिला. अशी अकरा वर्षं गेली.

मग एका सकाळी, साडेआठच्या सुमाराला, दाट धुकं उतरलं. दारवानीण बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून उभी होती. मामा चहा पीत होता.

तीन छोटे भोंगे.

नव्या कप्तानानं दुर्बीण लावली. काही दिसेना. तो वैतागला. अख्खा समुद्र मोकळा पडलाय, यायचं तर या की, आमचं डोकं कशाला खाता, असं पुटपुटला.

परत तीन. या वेळी जवळून...

"साहेब, ते दार उघडायची वाट बघतायत," मामा म्हणाला.

"कसलं दार?"

मामा विंचपाशी गेला. ड्रमवर दोर नव्हता, आदल्याच दिवशी उतरवला होता. मामानं वाफ सोडली, दांडा ओढला. रिकामा ड्रम भिंगरीसारखा फिरायला हवा होता.

तो फिरला नाही.

तो कण्हला... आणि काहीतरी अवजड ओढत असल्यासारखा हळूहळू वळू लागला. वाफेचा काटा खाली आला. बोट कलली. कप्तानानं कठडा घट्ट धरला.

मामाला ते वजन ओळखीचं होतं.

मग शेजारून एक लाट गेली. छोटी, जवळून बोट गेल्यावर येते तशी. इंजिनाचा आवाज नाही. धुक्यात कुणी नाही. फक्त डिझेलचा वास...

मामाच्या डोळ्यांना धार लागली. "या रे," एवढंच तो म्हणाला.

दार लावायला त्यानं पुन्हा दांडा धरला.

तेवढ्यात दुसरी लाट आली.

ही संथ होती. जड होती. आणि ती खालून आली. बोटीच्या तळाला घासत काहीतरी पुढून मागे जाऊ लागलं... जातच राहिलं.

मामानं दांडा उलटा टाकला.

ड्रम गरगर फिरला. आता त्याच्यावर काहीच वजन नव्हतं.

कप्तानानं नोंदवहीत फक्त 'धुकं' असं लिहिलं. मामानं त्याच आठवड्यात काम सोडलं आणि तो आमच्याकडे राहायला आला. हे सगळं ऐकून आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. म्हणाली, "दादा, नऊ जीव घरी आणलेस. पुण्यच केलंस."



"आणले गं," मामा म्हणाला. "पण दार लागलं नाही माझ्या हातून."