बाबांचं खमीर

“गरम पाणी लावलंस तर मरेल हं ते. आणि तुझा धांदरट स्वभाव मला ठाऊक आहे!” खमिराची अर्धी बरणी हातात देताना ताईने बजावलं होतं, आणि धाकटीने ते हसण्यावारी नेलं होतं. “ताई, पदवीधर आहे मी. पीठ-पाणी कळतं मला!”

ती बरणी तिने भांडूनच मागितली होती. बाबा गेले, पावाची भट्टी ताईकडे राहिली, आणि “तुला सगळं, मला नुसता फोटो!” हे शल्य धाकटीच्या उरात रुतलं… पीठ-पाणी आंबवून बाबांनी स्वतः धरलेलं, रोज मूठभर पीठ खाऊन फुगणारं, पाव फुलवणारं ते आंबूस खमीर! घरच्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही, हा बाबांचा दंडक. त्यातलं निम्मं वाटून देताना ताईने जराही कुरकुर केली नव्हती.

मग धाकटीचं बाळ आजारी पडलं. जुलाब, ताप, खोल गेलेले डोळे! डॉक्टर म्हणाले, स्वच्छता पाळा. आणि भयाने व्याकूळ झालेल्या धाकटीने दिसेल ते उकळत्या पाण्याखाली धरलं… बाटल्या, चमचे, खेळणी… आणि त्याच झपाट्यात, काठाशी चिकट झालेली ती बरणीही! भानावर आली तेव्हा आतलं खमीर शिजून गेलं होतं, आणि बाळाच्या धास्तीत ताईला ते सांगायचंही राहून गेलं.

ताई आली ती दारातूनच बाह्या सरसावत. “ऊठ, जरा पड जा. आईच आडवी झाली तर लेकराला कोण?” आठवडाभर ती पाळण्याशी बसून राहिली, चमच्याचमच्याने पाणी पाजत.

“ताई, भट्टी?”

“कामगार आहेत की. तू बाळाकडे बघ.”

बाळ खुदकन हसलं, त्या दिवशी त्याला कडेवर घेऊन धाकटी ताईला पोचवायला भट्टीवर गेली. फळीवर ताईची बरणी होती… आत गुलाबी बुरशीचे ओघळ, उग्र कुजका दर्प! पाव बाजारच्या यीस्टवर निघाले होते, पण बाबांचा दंडक मोडून बरणीला हात लावायला कामगार धजले नव्हते. खमीर उपाशी मेलं होतं.

“जाऊ दे,” ताई म्हणाली. “तुझ्याकडे आहे ना! म्हणून तर निर्धास्त होते. त्यातलंच थोडं दे.”

धाकटीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. “ताई… उकळतं पाणी ओतलं गं मी त्यात! तू हे टाकून माझ्या बाळाजवळ बसलीस, आणि मी…” पुढचं सारं हुंदक्यात बुडालं.

ताईने बरणी फळीवरून खाली उतरवली. मग डोळे पुसत म्हणाली, “पदवीधर म्हणे!”

“मार मला, ताई!”

“मारते की. आधी पीठ चाळ, नवं धरू.”

“बाबांचं होतं गं ते…”

“बरणी की बाळ, असं बाबांना विचारलं असतंस, तर बरणी त्यांनीच फोडली असती!”

एकाच परातीत दोघींचे हात पिठात बुडाले. धाकटी मग रोज येऊ लागली, बाळाला घेऊन. नव्या खमिरावर पहिला बुडबुडा फुटला, तेव्हा तिने तो आधी बाळाला दाखवला. मग ताईच्या पीठमाखल्या हातांवर तिने कृतज्ञतेने कपाळ टेकवलं, एवढंच…

तुमच्याही उशाशी कधी कुणी असं येऊन बसलं असेल. आज त्या माणसाच्या घरी एक चक्कर मारा ना… तुमच्यासाठी निघताना त्याचं काय उपाशी राहिलं, तेवढं बघून या.