हलू नका

लातूरच्या गंजगोलाईत वीरण्णाचा फोटो स्टुडिओ होता, आणि माणसांना गप्प उभं करण्यात त्याची हयात गेली होती. नवरा-नवरी, रिटायर होणारे मास्तर, अर्जाला चिकटवायचे चेहरे. तो लिंगायत. त्यांच्यात म्हातारं माणूस गेलं की त्याला बसवून, भस्म लावून, फुलांनी सजवून घरच्यांसोबत शेवटचा फोटो काढतात. त्यालाही बोलावणं वीरण्णालाच. “हलू नका” म्हणायचं, खटका दाबायचा, “झालं” म्हणून सगळ्यांना मोकळं करायचं. हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “झालं म्हटल्याबिगर कॅमेरा खाली ठिवायचा न्हाई.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वीरण्णानं विचारलं नाही.

गावात त्याच्या माघारी त्याला ‘मढ्याचा फोटोवाला’ म्हणत. ते त्याला फार लागायचं.

त्र्याऐंशीचा उन्हाळा. जिल्हा होऊन वर्ष भरत आलेलं, कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या करकरीत आणि नळ ठणठणीत कोरडे. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. वीरण्णानं ठरवलं, आपण द्यायचा तो क्षणभर न ठरणाऱ्या जिवाचा फोटो. पाखराचा. तो एकदा भिंतीवर लागला की मग कोणाची टाप होती त्याला मढ्याचा म्हणायची?

नगरपालिकेच्या बागेतली हिरवळ केव्हाच करपली होती. कोपऱ्यातली घाणेरी तेवढी हट्टानं फुलत होती. तिच्याशेजारी वीरण्णा रोज सकाळी मातीच्या परळात पाणी ओतायचा. बायको, शिवगंगा, पिण्याच्या पाण्यातला तांब्या काढून द्यायची, कुरकुरत का होईना.

“माणसाला न्हाई अन् तुमच्या पाखरांस्नी पाणी,” ती म्हणायची, आणि तांब्या काठोकाठ भरायची.

पाखरं यायची. वेडे राघू, तांबट, आणि अंगठ्याएवढा एक शिंजीर. उन्हात वळला की इरकलीच्या काठासारखा जांभळा, निळा, हिरवा होणारा. वीरण्णा त्याच्यावर जीव टाकून बसला. पहिला रोल हैदराबादहून धुऊन आला तो नुसत्या फांद्या घेऊन. वीरण्णा पोट धरून हसला. पन्नाशीत पहिल्यांदा गिऱ्हाईक त्याचं ऐकत नव्हतं.

दुसऱ्या रोलच्या वेळी सवयीनंच त्याच्या तोंडून निघून गेलं, “हलू नका.”

शिंजीर फुलासमोर हवेत होता. तिथंच थांबला.

पंख उघडे, चोचीच्या टोकाशी फूल. वीरण्णानं चष्मा पुसला. त्यानं खटका दाबला, साठ अंक मोजले, पुन्हा दाबला. मग घसा खाकरून हळूच म्हणाला, “झालं.” शिंजीर उडून गेला.

त्या दिवशी वीरण्णा गंजगोलाईपर्यंत शीळ घालत गेला. नजरेची चूक म्हणावी तर ती रोज होत होती. राघू गिरकीत थांबायचा, तांबट घास गिळताना. वीरण्णा त्यांना आदरानंच बोलायचा आणि मनातून लहान पोरासारखा खूश व्हायचा. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

एकदाच घोटाळा झाला. फांदीवरच्या राघूचा फोटो काढताक्षणी माळी मलप्पानं हाक मारली, आणि वीरण्णा बोलत बोलत फाटकाबाहेर गेला. दुसऱ्या सकाळी राघू त्याच फांदीवर होता, डोळे उघडे. पायांवरून मुंग्यांची ओळ चालली होती. “झालं, झालं, बाबा,” वीरण्णा घाईनं म्हणाला. राघूनं पिसं झटकली आणि सरळ परळावर जाऊन तो पाणी पीत राहिला. किती तरी वेळ.

दुसऱ्या रोलमधला शिंजीर बघून शिवगंगाचे डोळे भरून आले. पण प्रदर्शनाच्या अर्जावर फोटो काढणाऱ्याचाही फोटो लागत होता. गावाचे चेहरे टिपणाऱ्या माणसाकडे स्वतःचा एक नव्हता.

“मी काढते,” शिवगंगा म्हणाली. “पाखरांपाशीच काढू. शोभंल.”

सकाळीच दोघं बागेत गेली. पाण्यानं भरलेला परळ हातात घेऊन वीरण्णा घाणेरीजवळ उभा राहिला. खटका कुठं, बघायचं कुठून, सगळं त्यानं तिला समजावलं. ती हसत होती. तोही हसत होता. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणाली, “हलू नका.”

खटका वाजला.

तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, “टँकर! टँकर आला!” चार दिवसांनी आला होता. भांडी खणखणली, पायांचा धुरळा उडाला.

“अवो, घागरी घराकडंच हायत,” म्हणत शिवगंगानं कॅमेरा बाकावर ठेवला आणि पदर खोचून पळाली.

तिला सांगायचा शब्द वीरण्णाच्या जिभेवर होता. तिथंच राहिला.

हातातल्या परळातलं पाणी जराही हलत नव्हतं.

आधी राघू आले. मनगटावर बसून पाणी प्याले. मग तांबट आला. ऊन चढलं, तसा परळ रिकामा झाला. दूर टँकरपाशी बायकांचं भांडण रंगलं होतं. त्यात शिवगंगाचा आवाज सगळ्यांत वर होता.

मग शिंजीर आला. खांद्यावर टेकला, तिथून गालाशी. वीरण्णाच्या हसऱ्या चेहऱ्यासमोर पंख फडफडवत तो क्षणभर तरंगला. इतक्या जवळून वीरण्णानं त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

उन्हानं वीरण्णाच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं होतं. शिंजिरानं त्यात अलगद चोच बुडवली.