अंधाराचं वय

वेलिंग्टनच्या वाऱ्याने त्याची लोकरी टोपी उडवली, ती गडगडत रस्ता ओलांडून आली आणि मेरेआनाने ती बुटाखाली दाबली.

"पकडलीत खरी... पण जरा जास्तच पकडलीत," चिखलाचा ठसा बघत तो म्हणाला.

"नाहीतर समुद्रात गेली असती. आभार माना!"

त्याने आभार मानले – आणि उगाच थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. तिलाही वळून बघावंसं वाटलं, पण कचेरीला उशीर होत होता.

दहा मिनिटांनी तोच टोपीवाला तिच्या टेबलासमोर हजर! नाव ईवन. तीन वर्षं एकट्याने खपून केलेला अंतराळातल्या कोड्यांचा व्हिडिओ गेम घेऊन आला होता. तो कुठल्या वयाच्या मुलांना चालेल, हे ठरवणं मेरेआनाचं काम. 'सर्वांसाठी' शिक्का बसला, तर शाळांची वाचनालयं तो घेणार होती. 'तेरा वर्षांवरील' बसला, की ज्या चिमुरड्यांसाठी त्याने जिवाचं रान केलं, त्यांच्यापर्यंत तो पोचणारच नव्हता.

रीत अशी, की करणाऱ्याने खेळायचं आणि तपासणाऱ्याने कोऱ्या चेहऱ्याने बघायचं. मेरेआनाचा कोरा चेहरा तर कचेरीत प्रसिद्ध होता.

बंद पडलेल्या अंतराळयानात एक छोटा यंत्रमानव धडपडत होता. कोडं सुटलं, की एक दिवा लागायचा.

"हसलात ना आत्ता?"

"खोकला आला."

"लिहून घ्या मग – या खेळाने खोकला येतो."

शेवटच्या दालनात सगळे दिवे लागले, तरी दार उघडेना.

"आता?" तिने विचारलं. खरं तर विचारायचं नसतं.

"आता मुलाने एकेक दिवा स्वतः मालवायचा."

शेवटचा दिवा गेला. मिट्ट काळोख. 'लहान मुलं घाबरतील,' तिने लिहायला घेतलं... आणि डोळे सरावले तसा एक तारा दिसला. मग दुसरा. मग मोजता येईनात इतके! छत काचेचं होतं. तारे सुरुवातीपासून तिथेच होते, दिव्यांनी ते झाकले होते. एका कडेला कृत्तिकांचा झुबका – लहानपणी वडील पहाटे उठवून तो दाखवायला न्यायचे, आणि दर वेळी ढग आडवे यायचे. वडील गेले, दाखवायचं राहिलं.

"आई गं..." ती पुटपुटली. पेन कधी खाली पडलं, तिला कळलंच नाही.

"मी दक्षिणेकडच्या टाकापो गावचा," ईवन हळूच म्हणाला. "आमच्याकडे रस्त्यावरचे दिवेसुद्धा मान खाली घालून उभे असतात, आकाश दिसावं म्हणून. मुलांना आम्ही अंधाराची भीती घालत नाही. अंधार बघायला नेतो."

तिने त्याला आणखी दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा शंका होती म्हणून. तिसऱ्यांदा मात्र आपण पडदा सोडून त्याची बोटंच बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

'सर्वांसाठी' लिहायला घेतलं आणि हात थबकला. हा न्याय खेळाचा, की त्या बोटांचा? तिने खणातून एक छापील अर्ज काढला, भरला, आणि फाइल कचेरीतल्या सर्वांत कडक तपासनीस, सिनामावशींच्या पुढ्यात ठेवली.

"माझ्याकडे? अगं, खेळातला ससा रडला म्हणून एकाला परत पाठवलंय मी!"

"माहितीये."

"मग बुडवायचंय का बिचाऱ्याला?"

"नाही हो, मावशी... म्हणूनच तर."

तो आठवडा तिला जेवण गेलं नाही. शुक्रवारी सिनामावशी चष्मा पुसत बाहेर आल्या आणि कागद तिच्या हाती दिला – 'सर्वांसाठी. खेळात अंधार आहे. मुलांना तो बघू द्यावा.' मेरेआनाचे डोळे भरून आले आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत.

सोमवारी ईवन आला. टोपीवर बुटाचा ठसा तसाच.

"धुतली नाहीत?"

"धुवेन कशी?" त्याने खिशातून तिच्या अर्जाची प्रत काढली. "अर्जदाराशी आपला संबंध काय?" तो प्रश्न आणि त्याखालचं तिचं उत्तर वाचू लागला. "अजून काही नाही. पण व्हावा, असं फार वाटतं. म्हणून हा खेळ मी तपासणं बरोबर नाही." त्याने मान वर केली. "याची प्रत मलाही येते... तुम्हाला माहीत होतं?"

"इथले सगळे नियम मला पाठ आहेत," ती म्हणाली. कान लाल झाले होते.

त्याने कागद टेबलावर ठेवला. "मग एक दुरुस्ती आहे."

पेन त्याच्या हातात होतं. तिने ते घेतलं आणि आपल्या उत्तरातले पहिले तीन शब्द खोडले.