कुंदाने सोडलेल्या गाठी

ही घटना माझ्या बाबतीत घडली आहे. कुणाकडून ऐकलेली नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल हसावं, माझी हरकत नाही. मला भांडायचा आता कंटाळा आला आहे.

तारीख १४ डिसेंबर २०२५. रविवार. दुपारचे अडीच ते साडेचार.

हो, दुपार. लख्ख ऊन होतं.

जागा बदलापूरच्या पूर्वेला, कोंडेश्वरच्या पुढच्या डोंगरात. एका वाडीतून वर चढायचं, वर दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं आणि दोन-तीन जुने वीरगळ आहेत ते पाहायचे, आणि पलीकडच्या वाडीत उतरायचं. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथे माणसं राहतात, उगाच त्यांना त्रास नको.

मी चिंतामणी. वय त्रेसष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. राहायला बदलापुरातच, हेंद्रेपाड्यात. बायको कुंदा जुलैमध्ये गेली.

आमचा रविवारी डोंगरात भटकणारा ग्रुप होता. आठ-दहा जण. सगळ्यात पुढे मी, सगळ्यात मागे कुंदा. असं अकरा वर्षं चाललं.

आमची एक पद्धत होती. वाटेला फाटा फुटला की मी योग्य बाजूच्या फांदीला नारंगी चिंधी बांधायचो. मागचे ती बघून वळायचे. आणि सगळ्यात शेवटी येणारी कुंदा ती सोडून घ्यायची. जंगलात कचरा राहू नये आणि आमच्या खुणेने दुसरं कुणी चुकू नये म्हणून. चिंध्या उल्हासनगरच्या एका शिलाईवाल्याकडून आणायचो, अस्तराची कात्रणं.

ग्रुपमधला समीर म्हणायचा, "काका आपलं इंजिन, आणि काकू गार्डाचा डबा."

कुंदाची एकच तक्रार असायची.

"अहो, चिंधी बांधताय की बॉयलर? केवढी घट्ट गाठ! नखं मोडली माझी."

मग ती दाताने सोडवायची. खाली उतरलो की सगळ्या चिंध्या माझ्या हातात कोंबायची. "घ्या तुमचं तोरण."

ती गेल्यावर मी ग्रुपमध्ये जाणं बंद केलं. पण त्या रविवारी घरात बसवेना. मुलगी सई पुण्याहून फोनवर ओरडली.

"बाबा, एकटे? गुडघा बघा आधी!"

"गुडघा घेऊनच चाललोय," म्हटलं आणि फोन ठेवला.

पहिला फाटा आला. मी खिशातून चिंधी काढली आणि बांधली. सवयीने. दुसऱ्या फाट्यालाही बांधली. तिसऱ्याला गाठ आवळताना लक्षात आलं...

मागे कुणीच नाही. मग मी कुणासाठी बांधतोय?

थोडा वेळ तिथेच बसलो. मग म्हटलं, कचरा कशाला ठेवायचा, सोडून आणू. तिसरी तशीच ठेवून आधी दुसऱ्या फाट्याला परत गेलो. फार तर दहा मिनिटं झाली असतील.

चिंधी नव्हती.

ऐनाची फांदी तीच होती. खाली पडली असेल म्हणून शोधली. नव्हती. वाऱ्याने उडावी अशी माझी गाठ नसते.

वाडीतली पोरं असतील, असं मनाला सांगितलं. तिसऱ्या फाट्याकडे परत आलो. ती चिंधी होती. जिवात जीव आला. ती सोडावी असं मात्र तेव्हा सुचलं नाही. पाय दुखत होते, तसाच वर निघालो.

आणि मग मागून आवाज यायला लागला...

सागाची सुकी पानं. चर्र. चर्र. चर्र.

मी थांबलो. आवाज थांबला.

मी चाललो. आवाज सुरू.

अंतर साधारण वीस पावलांचं. कुंदा नेहमी तेवढंच अंतर ठेवायची.

मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती. ऊन होतं. एकही पाखरू ओरडत नव्हतं.

टाक्यापाशी चौथा फाटा आहे. मी तिथेही चिंधी बांधली. का बांधली, माहीत नाही. म्हणजे... माहीत आहे.

वीरगळांजवळ बसून डबा उघडला. तेवढ्यात खालून एक म्हातारी आली, डोक्यावर लाकडाची मोळी. तुळशी तिचं नाव, खालच्या वाडीतली. पूर्वी दोन-तीनदा आम्ही तिच्या अंगणात चहा प्यायलो होतो. तिने मोळी उतरवली, टाक्यातलं पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघून हसली.

"एकलाच जेवतंस? आनि घरवाली?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"तिथं मागं बसलीया ना. फाट्यावर. गाठ सोडवतीया दातानं. म्या म्हनलं, बाय, कोयता देऊ का? तर बोललीच नाय."

माझ्या हातातली पोळी खाली पडली.

"तुळशीबाई, ती गेली. जुलैमध्ये. वारली."

तुळशीचं हसू गेलं. ओरडली नाही, पळाली नाही. पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग तू बांधतंस कोनासाठी?"

"सवय आहे."

"तिला पन सवय हाय. तू बांधत जाशील तर ती येत जाईल. सोडवल्याबिगर कशी जाईल?" मग हळूच म्हणाली, "दमलीया रं ती. लई दमलीया. छाती धरून बसली व्हती."

हे ऐकून माझं काय झालं ते मला लिहिता येत नाही.

मे-जूनमध्ये कुंदाला दम लागत होता. शेवटच्या दोन चढायांना ती खूप उशिरा वर पोचली होती. मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "गार्डाचा डबा आज सायडिंगला लागला काय?" ती हसली होती. मी पुढे असायचो. ती किती वेळा बसली, कुठे बसली, मला कधीच दिसलं नाही. हार्टचं दुखणं होतं, डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

तुळशीने टाक्याजवळच्या फांदीकडे बोट दाखवलं.

"ही तू सोड. ती यायच्या आदी. सोडायला काय उरलं नाय की बसंल गप. सुटंल बिचारी."

मी उठलो. चिंधीला हात घातला. गाठ मीच मारलेली, सुटेना.

चर्र... चर्र...

पानं वाजायला लागली. वीस पावलं. पंधरा. दहा.

गाठ थोडी सैल झाली. आणखी एक ओढ, की सुटलीच असती.

आवाज अगदी माझ्या पाठीमागे येऊन थांबला. श्वास ऐकू येत होता. तुटक. दम लागलेला.

मी वळून पाहिलं नाही.

ती गाठ सोडली, तर यापुढे ती मागे नसेल. कधीच नसेल. घरी नाही, इथेही नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

मी चिंधीची टोकं धरली आणि गाठ पुन्हा आवळली. वरून आणखी एक मारली.

तुळशी बघत होती. "काय मानूस हायेस रं तू," एवढंच म्हणाली. मोळी डोक्यावर घेतली आणि भराभर उतरून गेली.

मी पलीकडच्या बाजूने उतरलो. पाचव्या फाट्यालाही बांधली. खाली रस्त्याला लागेपर्यंत मागे पानं वाजत होती. डांबरी सुरू झाली तिथे मी हात पुढे करून उभा राहिलो. रिक्षावाले माझ्याकडे बघत होते. हातात कुणी काही दिलं नाही.

त्यानंतर मी चार वेळा गेलो. दर वेळी फाट्याफाट्याला चिंध्या बांधल्या. खाली उतरल्यावर हातात कधी एकही आली नाही.

आवाज मात्र दर वेळी लांबून येतो. वीसची चाळीस पावलं झाली. मग शंभर. गेल्या रविवारी मी टाक्यापाशी दीड तास बसलो. काहीच ऐकू आलं नाही. म्हणून मागे गेलो.

तिसऱ्या फाट्याची चिंधी तशीच होती. गाठ ओली होती. कापड दातांनी कुरतडलं होतं, पण सुटलं नव्हतं. खालचं गवत दबलेलं होतं, कुणीतरी बराच वेळ बसून राहिल्यासारखं.

मी म्हटलं, "राहू दे कुंदा. मी सोडतो."

मोठ्याने म्हटलं. हात गाठीवर ठेवला. खूप वेळ ठेवला.

मग तसाच निघून आलो.

सईला यातलं काही माहीत नाही. या रविवारी जायचं नाही, असं ठरवलं आहे. गेल्या रविवारीही ठरवलं होतं.