रिकाम्या नळीतली पट्टी

मामा म्हणजे प्रयोगशाळेचा राजा. म्हणजे असं त्याचं मत हो! फिरती खुर्ची, ताठ मान, आणि काचेच्या दारावर कुणाची बोटं उठली की नुसती बोंबाबोंब. हाताखाली सख्खी भाची. तिला हाक मारायचा ‘दगड’.

पेशीतल्या प्रथिनांत एक चिमुकला भाग असतो, चिमट्यासारखा. निरोप पुढे द्यायचा तर शेजारच्या प्रथिनाला धरायला हवं, आणि हा चिमटा धरतो फक्त फॉस्फेटचा ठिपका असलेल्यालाच. ठिपका नाही, तर ओळखच नाही. असा एक नवा चिमटा सापडला म्हणून मामानं मोठा शोधनिबंध छापलेला.

“मामा, एक नळी नुसते चिमटे आणि पाण्याची लावूया? धरायला काही न घालता काही दिसत नाही ना, तेवढं बघायला.”

“रिकाम्यात काय दिसणार, दगडा? तुझ्या डोक्यात आहे तेवढंच!”

बारा वर्षं लावली नाही. शेवटी शोधनिबंधाच्या तपासनिसांनी नेमकं तेच मागितलं. शुक्रवारपर्यंत रिकाम्या नळीचा फोटो द्या, नाहीतर शोधनिबंध रद्द आणि प्रयोगशाळेला कुलूप.

लावली. नळीत चिमटे आणि पाणी, बस. तरी फिल्मवर काळी पट्टी उठली, म्हणजे चिमट्यांनी काहीतरी धरलं होतं.

“तूच घाण केलीस!”

नव्या नळ्या, नवं पाणी. पुन्हा पट्टी. तिसऱ्या वेळी भाचीला हाकलून त्यानं स्वतःच्या हातानं केलं. पट्टी आणखी जाड, आणि तिच्यात बारीक बारीक वळणं.

भाचीनं भिंग लावलं. “मामा... हा अंगठ्याचा ठसा आहे.”

“कुणाचा?”

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

“वेडी कुठली!”

शुक्रवारी सकाळी मामानं संगणकावर ती पट्टी पुसून टाकली. अगदी सफाईनं, कडेकडेनं. फोटो पाठवला आणि ढेकर देत जेवून आला.

दाराचं यंत्र अंगठा घेईना. त्यानं अंगठा पुसला, फुंकला, दाबला.

मग बघितला. अंड्यासारखा गुळगुळीत.

“ए दगडा! दार उघड!”

आत भाचीनं मान वर केली. दाराशी आली. बाहेर दोन्ही बाजूंना पाहिलं.

“मामा अजून आला नाही वाटतं,” स्वतःशीच म्हणाली आणि कामाला लागली.

मामानं दोन्ही तळवे काचेवर आपटले. पुन्हा आपटले. घामेजलेले, जेवणाचं तेल लागलेले तळवे.

काच लख्ख होती.