बुधवारचं कार्ड

"मॅडम, जीप घेऊनच या. लोकं देवाजीले जित्ता नाई सोडत."

फोन कवडटोल्याचे सरपंच गुणवंतराव यांचा होता. गुरुवार, सकाळचे साडेआठ. उपनिरीक्षक रश्मी खोब्रागडेने चहा टेबलावरच सोडला आणि अर्ध्या तासात सिंदेवाहीहून कवडटोला गाठला.

घडलं ते थोडक्यात असं. पहाटे मनकर्णाबाई बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या मोहाखाली फुलं वेचायला गेली. वाकलेल्या बाईवर मागून वाघीण आली. माणसं धावून जाईपर्यंत सगळं संपलं होतं.

वाघिणीवर राग काढता येत नाही. मग त्यासाठी माणूस लागतो. गावाला तो सापडला होता.

पंचायतीच्या खोलीत कोतवाल देवाजी कोपऱ्यात बसला होता. सदरा फाटलेला, कपाळावर रक्त. तीस वर्षं या माणसाने डफडं वाजवून गावाला मुनादी, म्हणजे दवंडी, दिली होती. आज त्याचं डफडं दारात उभ्या पोरीच्या हातात होतं. ती मनकर्णाबाईची एकुलती एक लेक, रोशनी. तिने ते त्याच्या गळ्यातून ओढून घेतलं होतं.

"यानं मुनादी देल्ली असती, तर माय गेली नसती," रोशनी म्हणाली. "याले कोतवालकीतून काढा. गावातूनच काढा."

"देवाजीभाऊ, वाघीण बोडीवर आली हे तुम्हाला कळलं होतं?"

"नाई मॅडम. मले कोणी सांगतलंच नाई."

"खोटं," मागून आवाज आला.

आवाज प्रफुलचा होता. वाघांवर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेचा हा केंद्रप्रमुख सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून आला होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत टॅब. जंगलातल्या कॅमेऱ्याचे फोटो त्याच्या मेलवर यायचे. त्याने कोतवालाला कळवायचं आणि कोतवालाने गावाला, अशी रीत होती.

"सगळी नोंद आहे मॅडम. मी गावासमोर वाचूनही दाखवली."

केंद्राच्या खोलीत त्याने टॅब पुढे केला. पडद्यावर रंगीत चौकोन मांडले होते. 'करायचं', 'चालू', 'झालं'.

"तयार टेम्प्लेट आहे. नेटवरून घेतलं, फक्त मराठी केलं. याच्यामुळे आमचं केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं. आज पाहुणे हेच पाहायला येणार होते."

बाई मेल्याचं दुःख जास्त की पाहुणे हुकल्याचं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. रश्मीला तो माणूस आवडला नाही. तपासात आवडनावड बाजूला ठेवायची असते. तिने ती ठेवली, पण फार लांब नाही.

डावीकडे आठवड्याची आखणी होती. सोमवार, गुरुवार: सकाळी सात, मेल तपासणे. मंगळवार: अहवाल. बुधवार: एकाग्र काम, व्यत्यय नको.

"बुधवारचं दाखवा."

कार्ड उघडलं. 'वाघीण, बोडी. मुनादी: चौक, शाळा, खालचा टोला. देवाजी. वेळ साडेचार. झालं.' तळाशी आठ छोटे ग्लास काढलेले. पाच निळे. दुसरा, पाचवा आणि शेवटचा कोरा.

"हे काय?"

"पाणी किती प्यायलो ते. टेम्प्लेटमध्ये होतंच. मी रोज टिक करतो. शिस्त म्हणजे शिस्त."

"आणि मुनादीचं?"

"काल दुपारी फोटो पाहिला. चार वाजता देवाजीला फोन केला. साडेचारला त्याचा उलट फोन आला, झालं म्हणून. त्यानं मला फसवलं मॅडम. बाईचा जीव गेला."

रश्मीने बोटाने मागची कार्डं सरकवली. सोमवारचे सहा ग्लास निळे. मंगळवारच्या कार्डावर 'मोहाखाली पाला जाळू नका' ही मुनादी होती. चौक, शाळा, खालचा टोला, साडेचार, झालं. खाली निळे पाच, कोरे तीन. दुसरा, पाचवा, शेवटचा. तिने टॅब परत दिला नाही.

देवाजीकडे ती परत आली. "काल चार वाजता प्रफुलचा फोन आला होता?"

"आल्ता."

बाहेरची गर्दी गुरगुरली. कोणीतरी खिडकीवर दगड मारला.

"काय म्हणाला?"

"उद्या पाहुणे येऊन राह्यले, पंचायतीच्या खुर्च्या पुसून ठेव. एवढंच. थोड्या वेळानं मीच फोन केला, की किल्ली सरपंचाकडं हाये म्हणून."

देवाजीच्या फोनवर दोन्ही वेळा नोंदलेल्या होत्या. चार वाजता एक, साडेचारला एक. बोलणं काय झालं ते मात्र फोन सांगत नाही. एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध, आणि गावाने कोणाचा धरला ते देवाजीच्या कपाळावर दिसत होतं.

मग ती रोशनीच्या घरी गेली. घरात मायलेकीच राहायच्या. चुलीजवळ एक पिशवी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. वरून कांद्याची पात डोकावत होती.

"ही कधीची?"

"कालची. काल बाजार होता ना मॅडम. दर बुधवारी अख्खं गाव बाजारात राह्यते. माय अंधार पडल्यावर आली, थकून झोपली. पिशवीबी नाई सोडली."

"बाजाराच्या दिवशी मुनादी कधी देतात?"

"शेवटची गाडी आल्यावर. त्याच्याआधी आयकाले कोण राह्यते इथी?"

 रश्मी म्हणाली, "चल पोरी. ते डफडं घे."

पंचायतीपुढे तिने सगळ्यांना बसवलं. प्रफुलला खुर्ची दिली, पाहुण्यांसाठीच्याच खुर्च्यांतली.

"काल साडेचारला गावात कोण होतं?"

 गुणवंतराव म्हणाले, "कोणीच नाई. बाजार होता. मीबी तिथीच होतो."

"देवाजीभाऊ, तुम्ही?"

"मिरची घेऊन राह्यलो होतो. फोन तिथीच आला."

"या कार्डावर लिहिलंय की देवाजीने साडेचारला चौकात, शाळेजवळ, खालच्या टोल्याच्या वस्तीत मुनादी दिली. सकाळी तुम्ही 'झालं' एवढंच ऐकलं. वेळ कोणी विचारली नाही, हात उचलले." तिने देवाजीकडे बोट दाखवलं. "समजा, देवाजीला खोटंच बोलायचं होतं. तरी तो ही वेळ सांगेल का? तीस वर्षांचा कोतवाल, बाजाराच्या दिवशी रिकाम्या गावात मुनादी दिली म्हणेल? तो दिवे लागल्यानंतरचीच वेळ सांगेल. ही वेळ त्याची नाही."

"मग कोणाची?" रोशनीने विचारलं.

"मंगळवारची. मंगळवारचं कार्ड उचललं, त्याची नक्कल केली, वरचा विषय बदलला. कालच्या फोनची वेळ जुळली, हे साहेबांचं नशीब. बाकी ओळी तशाच राहिल्या. पाण्याचे ग्लाससुद्धा." तिने टॅब वर धरला. "रोज नवं कार्ड काढलं की आठही ग्लास कोरे येतात. बुधवारी मात्र तेच पाच भरलेले, तेच तीन कोरे. काल पाण्याचा हिशेब ठेवायलाही कार्ड नव्हतं. हे आज सकाळी बनलं. बाई गेल्यानंतर."

प्रफुलचा चेहरा उतरला. "योगायोग असू शकतो."

"असू शकतो. पण फोटो तू काल दुपारी पाहिला म्हणतोस. तुझीच आखणी सांगते, मेल सोमवारी आणि गुरुवारी. बुधवारी व्यत्यय नको. उघड तुझा मेल."

 मेल रश्मीनेच उघडला. वाघिणीचा फोटो, मागे दोन पिल्लं. आला होता बुधवारी सकाळी सहा दहाला. त्याच्यावरच्या आणि खालच्या मेलना उत्तरं गेली होती, सगळी आज सात वाजल्यानंतर.

"चोवीस तास," रश्मी म्हणाली. तिचा आवाज चढला. "चोवीस तास ती वाघीण तुझ्या मेलच्या डब्यात बसून होती, आणि तू पाहुण्यांसाठी चौकोन रंगवत होतास. कार्ड कधी बनलं ते ॲपच्या कंपनीकडून मागवते. का तूच सांगतोस?"

"मी पद्धत पाळली," प्रफुल पुटपुटला. "दर मिनिटाला मेल उघडला तर काम होत नाही, असं त्यात लिहिलंय. सात वाजता फोटो पाहिला तेव्हा बाहेर रडारड सुरू झाली होती. मला वाटलं, कोतवालाचं काय, जास्तीत जास्त नोकरी जाईल."

गर्दी उठली. सकाळचेच हात, आता दुसरीकडे वळलेले. रश्मीने काठी आडवी धरली.

"मेल न उघडणं ही चूक म्हणता आली असती. त्यानंतर जे केलंस, ती चूक नाही. चल, जीपमध्ये बस."

जीपचं दार लागलं. देवाजी अजून एका कडेलाच बसून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं, कारण पाहायला तोंड लागतं.

गुणवंतराव खाकरले. "देवाजी, वाघीण तिथीच हाये. उद्या पुन्हा मोह पडन. मुनादी द्या लागते."

"मी नाई देत," देवाजी म्हणाला. "सकाळी मारून राह्यले होते, तवा काऊन नाई आयकलं कोणी? आता माहं कोण आयकते?"

रोशनी पुढे आली. डफडं तिने त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलं.

"काका, मले माफी मागता येत नाई आज," ती म्हणाली. "पण आमच्या घरापासून सुरू कर. जोरानं वाजव."

देवाजीने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं. मग उठला, डफडं गळ्यात अडकवलं आणि तिच्यामागे चालू लागला. मनकर्णाबाईच्या दारात उभं राहून त्याने जोराने वाजवलं आणि ओरडून सांगितलं, बोडीकडं जाऊ नका, वाघीण हाये. घरात कोणी नव्हतं.