व्लासच्या दोन याद्या

न्हाणीचं दार नीट ओढून घ्या, वाफ जाते, आणि तापल्या दगडांवर आता आणखी पाणी ओतू नका. माझी छाती पूर्वीसारखी राहिलेली नाही. उग्लाख बेटावर जायचं ठरवताय म्हणे तुम्ही. बोट बघितली, हवामान बघितलं, कोण कोण येणार तेही ठरलं. चांगलं आहे, माझी ना नाही. पण त्याआधी व्लासचं काय झालं ते ऐका. इकडून तिकडून थोडंफार कानावर आलं असेल, पण लोक मीठमसाला लावतात. मी त्या संध्याकाळी चर्चमध्ये हजर होतो आणि पुढचं खुद्द व्लासच्या तोंडून ऐकलंय. तेही एकदाच. दुसऱ्यांदा तो सांगत नाही.

गेल्या वर्षीची अठ्ठावीस ऑगस्ट. गुरुवार, मरियामातेचा सण.

दुपारी चारच्या सुमाराला व्लास एका साध्या कामाला बंदरावर निघाला. टोराल्फच्या हातात माणसांची यादी द्यायची, एवढंच. टोराल्फची बोट पहाटे चारला सुटणार होती. उग्लाख म्हणजे नऊ तासांचा समुद्र, आणि दोन वादळांच्या मधे जेमतेम अडीच दिवस मिळाले होते. व्लास हा याद्यांचा माणूस. बायको होती तेव्हा म्हणायची, हा शिंकायच्या आधीही यादी करील. त्या आठवड्यात त्याने पिवळ्या वहीची पानंच्या पानं भरली होती. धुरवलेला मासा किती, तळलेल्या पोळ्या किती, डिझेल किती, बुडालो तर अंगात घालायचे रबरी पोशाख किती, थडग्यावर लावायच्या लाकडी क्रुसाला खिळे किती.

हा सगळा खटाटोप होता फेव्रोनिया आत्यासाठी. व्लासच्या वडिलांची बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची. उग्लाखवर जन्मलेल्यांपैकी ती शेवटची. लढाईच्या वर्षी सैनिकांनी माणशी एक बोचकं देऊन अख्खं गाव जहाजात चढवलं, तेव्हा ती चार वर्षांची होती. गाव पुन्हा वसलंच नाही. तिची आई अगाफिया त्याच वसंतात वारली होती, तिकडेच काळ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ पुरलेली. आत्याला आईचा चेहराही आठवत नसे. एकदा त्या थडग्यापाशी बसायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पहिल्या वर्षी धुकं आडवं आलं. दुसऱ्या वर्षी बेटावर उतरायचा परवाना वेळेत मिळाला नाही. तिसऱ्या वर्षी बोटीचं इंजिन बसलं. आणि चौथ्या वर्षी डॉक्टरने व्लासला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा उन्हाळा हिशेबात धरू नका.

टोराल्फ धक्क्यावर दोर गुंडाळत बसला होता. व्लासने खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला.

"आडनावं नाहीत त्यात. पहिलीच नावं आहेत," व्लास म्हणाला.

"चाळीस वर्षं झाली मला इथे. तुमची आडनावं लिहायला बसलो तर बोट सुटायची नाही," टोराल्फ म्हणाला, आणि न बघताच कागद टोपीत खोचला.

संध्याकाळी सात वाजता चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना होती. उग्लाखवर जायच्या आधी तिथे पुरलेल्यांची नावं घ्यायची आणि मगच निघायचं, ही आपली रीत. फादर दुसऱ्या बेटावर गेलेले, म्हणून नेहमीप्रमाणे व्लासच वाचायला उभा. आम्ही पंधराएक जण असू. आत्या पुढे खुर्चीवर, हातात मेणबत्ती. तिच्या मागे व्लासची मुलगी किरा, एकोणीस वर्षांची; आत्याला ती आजी म्हणते. याच प्रवासासाठी ती कॉलेज सोडून अँकरेजहून आली होती.

व्लासचा आवाज चांगला. अर्धवट डोळे मिटून गातो. त्याने खिशातला कागद उलगडला आणि सुरुवात केली.

"चिरविश्रांती दे, प्रभो, तुझी सेविका फेव्रोनिया हिला..."

कोणी दचकलं नाही. आपल्यात एकेक नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरतं. मला वाटलं, असेल कोणी पूर्वीची फेव्रोनिया.

"...तुझी सेविका किरा हिला..."

आता माना वर झाल्या.

तिसऱ्या नावावर त्याचा आवाज थांबला. कागदावर तिसरं नाव व्लास असं होतं. त्याच्याच अक्षरात. दोन याद्या, एकाच वहीची पिवळी पानं, एकाच खिशात. मेलेल्या अकरा जणांचा कागद टोराल्फच्या टोपीत गेला होता आणि बोटीत बसणाऱ्यांचा त्याच्या हातात होता.

मुलीचं नाव गळ्यातून सरळ बाहेर पडलं, स्वतःचं तेवढं अडकलं. हे तो मला म्हणाला तेव्हा रडला.

जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत गायलं गेलं तर त्याने चाळीस दिवस पाणी ओलांडायचं नाही. फादर याला हसतात. हसू देत. त्यांचं कोणी समुद्रात गेलेलं नाही. चाळीस दिवस म्हणजे ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरात उग्लाखच्या बाजूला शहाणा माणूस बोट घालत नाही. म्हणजे आत्याचं जाणं संपलं होतं. आणि हिय्या करून निघावं, तर पोरीचं नाव गायलं गेलेलं.

घरी कोणी धड जेवलं नाही. माशाची पोळी तशीच ताटात राहिली.

"बाबा, कागद बदलला, एवढंच झालंय," किरा म्हणाली. "इतकं तोंड पाडून काय बसलात?"

"तू गप्प बस."

"तिच्यावर कशाला डाफरतोस?" आत्या म्हणाली. "वाचलंस तू."

व्लासने मान खाली घातली.

"माझं गेलं तर गेलं. मी तशीही उंबऱ्यावरच उभी आहे," आत्या म्हणाली. "पोरीचं नाव तेवढं परत आणायला हवं."

"ते कसं आणायचं?"

आत्याने ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "आईचं नाव असलेला कागद कुठे आहे?"

"टोराल्फकडे."

"म्हणजे बोटीवर तू त्यांना बोलावलंस."

हे ती रागाने म्हणाली नाही. व्लास म्हणतो, तिचा चेहरा त्या वेळी खुलल्यासारखा झाला. तिने आपला कप विसळून पालथा घातला, किराला हाक मारली आणि साडेनऊला दोघी एकाच खोलीत झोपायला गेल्या. आत्या पलंगावर, किरा खाली गादीवर.

व्लास स्वयंपाकघरात बसून राहिला. टोराल्फला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पहाटे जाऊन सांगू, असं त्याने मनाला समजावलं, पण मन ऐकेना. मेलेल्यांची नावं रात्रभर परक्या माणसाच्या टोपीत राहणार, ही चुटपुट त्याला बसू देईना. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने अंगात कोट चढवला.

धुकं उतरलं होतं. धक्क्यावरचे दिवे दिसत होते, दिव्याखालच्या बोटी दिसत नव्हत्या. वारा पडलेला. आपल्याकडे वारा पडला की काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

टोराल्फच्या बोटीवर उजेड होता. तो काठावर बसून विडी ओढत होता आणि वैतागलेला होता.

"या," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत तुमची माणसं पहिल्यांदा वेळेवर आली. वेळेवर कसली, सहा तास आधी. पहाटे चार सांगितलं तर रात्री दहाला हजर."

"कोण हजर?"

"कोण म्हणजे? तुझीच माणसं. खाली बसलीत."

व्लासने फळीवरून बोटीवर पाय ठेवला.

"अकरा लिहिली होतीस, अकरा आली. धुक्यात तोंडं धड दिसेनात, एकेकाला नाव विचारून खूण केली मी. चहा देतो म्हटलं, नको. कोट काढा म्हटलं, ओले आहेत, तर तेही नको. फार अबोल लोक, बुवा. त्यात दोघं जण अनवाणी. या थंडीत अनवाणी येतं का रे कोणी?"

व्लासने हात पुढे केला. "यादी दे."

टोराल्फने टोपीतून कागद काढला. पिवळा कागद. अगाफिया. नेस्तोर. उस्तिनिया... अकरा नावं, व्लासच्या अक्षरात. बाजूला टोराल्फने पेनाने दोन रेघा मारून रकाने पाडले होते. एकावर लिहिलं होतं 'चढले', दुसऱ्यावर 'उतरले'. पहिल्या रकान्यात खुणा होत्या. दुसरा कोरा.

आणि अकरा नावांच्या खाली बारावं.

फेव्रोनिया.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. ती पोर म्हणाली म्हणून."

"कुठली पोर?"

"शेवटी आली ती. एवढीशी. चार वर्षांची असेल. मी म्हटलं, तुझं नाव नाही यात. तर म्हणते कशी, तिकडे वाचून झालंय, इकडे लिहायचं राहिलंय."

धुक्यात कुठेतरी दोर करकरला. मग तेही थांबलं.

"एकटी होती?" व्लासने विचारलं.

"नाही. एक मोठी मुलगी होती बरोबर. झोपेत असल्यासारखी चालत होती. फळीवर पाय ठेवणारच होती, पण या चिमुरडीने तिला मागे ढकललं. चांगलं दोन्ही हातांनी. म्हणाली, तू घरी जा, दोघींच्या जागी मी आलेय ना. ती जाईना... मग हिने तिच्या पायावर लाथ मारली. तेव्हा गेली."

"आणि मग?"

"मग खालून एक बाई आली. केस ओले. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं. पोर लगेच तिच्या खांद्यावर डोकं टाकून..." टोराल्फ बोलता बोलता थांबला. व्लासच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

व्लासने खाली जाणारं दार उघडलं.

खाली दिवा जळत होता. बाकं रिकामी. फरशी ओली. कोणी नाही.

टोराल्फ त्याच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने वाकून बाकांखाली पाहिलं.

"मी वर दारासमोरच बसलो होतो," तो म्हणाला. "वर कोणी आलं नाही. कोणीच नाही..."

व्लासने कागद खिशात कोंबला आणि पळत सुटला. चढ आहे त्याच्या घराला. छप्पन्न वर्षांचा माणूस. दोनदा पडला. तोंडात मुलीचं नाव, दुसरं काही नाही.

घराच्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं.

किरा. अनवाणी. रात्रीच्या कपड्यांत. केसांवर धुकं साचलेलं.

त्याने तिचे हात धरले. बर्फासारखे. पण नाडी चालू होती.

"बाबा," ती म्हणाली. "आजीने मला मारलं."

तिच्या नडगीवर लाल वळ होता.

तो आत गेला. आत्याच्या खोलीचं दार उघडं. दिवा लावला. आत्या पलंगावर कुशीवर वळून झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात कुणाच्या तरी गळ्यात टाकल्यासारखा पुढे. अंग गार झालेलं. डॉक्टर म्हणाला, दहाच्या सुमाराला गेली असावी.

व्लास तिच्या पायाशी बसला. रडू येईना. तिला आईकडे न्यायचं त्याने कबूल केलं होतं आणि ते त्याच्या हातून झालं नव्हतं. झालं होतं की नव्हतं, हेच त्याला कळेना, असं तो म्हणाला.

टोराल्फची बोट त्या रात्री सुटली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी वादळ आलं तेव्हा तिचे दोर जसेच्या तसे बांधलेले होते, अख्ख्या बंदराने पाहिलंय. टोराल्फने नंतर बोट विकली आणि बहिणीकडे राहायला गेला. किरा धडधाकट आहे, फक्त अँकरेजहून फोन करते तेव्हा त्या रात्रीचं बोलत नाही.

रविवारी आत्याला पुरलं. शवपेटीपाशी वाचायला व्लासच उभा राहिला; वादळामुळे फादर परतू शकले नव्हते, मग दुसरं कोण वाचणार? मी त्याच्या शेजारीच होतो, पुस्तक धरून. त्याने तोच कागद काढला. या वेळी तोच बरोबर होता, बारा नावांचा. उलगडला आणि माझ्यापुढे धरला. मी वाकून पाहिलं.

टोराल्फने पाडलेला दुसरा रकाना. 'उतरले'. गुरुवारी रात्री तो कोरा होता, व्लासने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून कागद त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

त्यात बारा खुणा होत्या. पेनाच्या नाहीत. ओल्या काळ्या वाळूत बोट बुडवून केलेल्या. आपल्या बंदरावर वाळू नाही, सगळा गोटाच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी हात लावून बघितला. वाळू माझ्या बोटाला लागली. अजून ओली होती.

अकरा खुणा मोठ्या माणसाच्या बोटाच्या. फेव्रोनियाच्या नावापुढची बारावी... ती एवढीशी होती. माझ्या करंगळीच्या निम्मी.